हात लावायचा नाही म्हणे!

माझ्या शेडवर कोणी आलं की आधी म्हणतं, "अगं माय, किती गोड!" आणि दुसऱ्याच दमात विचारतं, "याचं मटन कसं लागते व?" दोन्ही एकाच तोंडानं. मला राग येत नाही. गोड आहे हेही खरं आणि चांगलं लागतं हेही खरं. ससे पाळते मी, त्यात लपवायचं काय? कोणी घरात ठेवायला नेतं, कोणी कापायला नेतं. दोघांनाही मी ससा कानाला धरून उचलू देत नाही, एवढंच.

फुलचूरहून एक भाऊ आले होते, पोरीच्या वाढदिवसाला ससा पाहिजे म्हणून. गोंदियाकडची माणसं हिंदीतच सुरू होतात. "भाभी, एक सफेदवाला देना. मगर ऐसा देना जो छोटा ही रहे." मी म्हटलं, "भाऊ, तुमची पोरगी छोटीच राहणार हाय का?" हसले, आणि तरी जाईपर्यंत दोनदा विचारलं की हा किती मोठा होईल. दुसरी एक बाई सशाचं रक्त मागायला आली. तेलात टाकलं की केस वाढतात म्हणे. मी डोक्यावरचा पदर मागं केला आणि म्हटलं, "बाई, माह्या घरी एवढे ससे हायेत, अन् पाह्य माही वेणी केवढी हाय ते." गेली बिचारी. एकदा तर खाकी कपड्यातला एक माणूस दरडावत आला. रानातले ससे धरून ठेवलेत असं कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं होतं. मी पांढराफेक, लाल डोळ्यांचा नर त्याच्या नाकापुढं धरला. "साहेब, रानात असा पाहिला का कधी?" त्यानं चहा घेतला आणि जाताना हळूच भाव विचारला.

अशा गमती सांगत बसले तर अख्खा अंक मलाच लागेल. पण मला लिहायचं आहे ते एका हिवाळ्याबद्दल. त्या हिवाळ्यात माझे पिंजरे भंगारात जाणार होते. ते का गेले नाहीत, हे 'हात लावू नका' म्हणणाऱ्या सगळ्यांना एकदा नीट सांगून टाकते.

आमचं गाव सडक अर्जुनीजवळ, हायवेपासून थोडं आत. बुद्धविहाराच्या मागं आमचं घर. आमचे हे हायवेवर पंक्चरचं दुकान चालवतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी केली, कापणी केली. माहेरही इटियाडोहाच्या कालव्यावरचं, म्हणजे तिथं पावसाळी धान आणि उन्हाळी धान, वर्षातून दोनदा चिखल. रोवणीला मी नाव ठेवत नाही, त्यावरच जगलो. पण रोवणी करणारी बाई कंबरेत वाकून मागं मागं सरकत जाते. चाळिशी आली तेव्हा माझ्या मनात आलं, बाप्पा, सारी जिंदगी मागंच सरकायचं का?

त्याच सुमाराला पिंजरे विकणारे एक साहेब गावात आले. आमच्या बचत गटातल्या पाच जणींनी ससे घेतले. एक नर, चार माद्या, लोखंडी जाळीचे पिंजरे. पाचांत मी होते आणि गावातली पाटलीणबाईही होती. तिच्याकडं गायी, म्हशी, ट्रॅक्टर सगळं, पण तिलाही स्वतःचं काहीतरी पाहिजे होतं. त्याबद्दल मी तिला दोष देत नाही. साहेबांनी प्रत्येकीला एक छापील कागद दिला आणि एक ओळ बोटानं दाखवून सांगितली, "पिल्लांना अजिबात हात लावायचा नाही. माणसाच्या हाताचा वास लागला की माय पिल्लू टाकते, नाही तर खाऊन टाकते." चिमणीच्या पिल्लाबद्दल गावात हेच म्हणतात, त्यामुळे सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

आता ज्यांना सशांचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मादी महिनाभरात विते. विण्याच्या एखाद दिवस आधी ती स्वतःच्या छातीचे, पोटाचे केस दातांनी उपटते आणि आपण ठेवलेल्या लाकडी पेटीत तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, त्यांची गादी करते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पिल्लू जन्मतं ते उघडं, आंधळं, आपल्या अंगठ्याएवढं. अंगावर एक केस नाही. त्याला ऊब मिळते ती त्या गादीची आणि भावंडांची. माय काही कोंबडीसारखी त्यांच्यावर बसत नाही. दिवसातून एकदा, फार तर दोनदा पेटीत जाते, चार-पाच मिनिटं पाजते आणि बाहेर. बघणाऱ्याला वाटतं, कशी निर्दयी आहे! निर्दयी नाही हो. रानातल्या सशाची चाल अजून तिच्या अंगात आहे. पिल्लांपाशी घुटमळली की कोल्ह्याला ठिकाण कळतं, म्हणून ती लांब राहते.

म्हणजे बाकीचा सगळा वेळ पिल्लू आणि थंडी यांच्यामध्ये फक्त मूठभर केस असतात. आणि आमच्याकडची थंडी! उन्हाळ्यात आमचं डांबर वितळतं म्हणून बाहेरच्यांना वाटतं, इथं कसला हिवाळा. जानेवारीत या. चहूकडं रान आणि तळी. सकाळी बांधीवरून धुकं सरकत अंगणात येतं, बादलीत हात घालवत नाही.

पहिल्या हिवाळ्यात माझ्या चारही माद्या व्याल्या. मी साहेबांचा कागद देवाच्या वचनासारखा पाळला. पेटीत हात नाही घातला, वाकूनही पाहिलं नाही. तीन-चार दिवसांनी वास यायचा, मग कळायचं. एक पिल्लू मेलं की बाकीची त्याच्या गार अंगाला बिलगतात आणि एकेक करून तीही गारठतात. मेलेलं वेळेवर बाहेर काढलं तर उरलेली वाचतात. हे आता मी झोपेतही सांगेन, पण तेव्हा कोण सांगणार होतं? सुपात भरून नेली आणि घरामागच्या पेरूखाली पुरली. चारही वेतांतलं एक पिल्लू राहिलं नाही.

गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा पाटलीणबाई म्हणाली, "माहे बी गेले ना, पण तुह्ये तर सारेच गेले. तू हात लावत असशीन, वनमाला. तुमच्या हाताचा वास..." आणि थांबली. थांबली, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. 'तुमच्या' म्हणजे कोणाच्या, ते तिथं बसलेल्या सगळ्यांना कळलं. मी गप्प बसले. आजही त्या दिवशी गप्प बसल्याचा मला राग येतो, तिच्यापेक्षा माझा जास्त.

दुसरा हिवाळा येईपर्यंत तिघींनी पिंजरे विकून टाकले. उरल्या दोघी, पाटलीणबाई आणि मी. आमच्या ह्यांनी दिवाळीनंतर एक दिवस शेडाची लांबी-रुंदी पावलांनी मोजली तेव्हाच मला समजलं. म्हणाले, "हा एक हिवाळा पाहू. संक्रांतीपर्यंत एका वेताच्या पिल्लांचे डोळे उघडलेले दाखव. नाही दाखवले तर पिंजरे भंगारवाल्याले देतो अन् इथी टायरं ठेवतो. बाहेर उन्हापावसात सडून रायले ना ते."

त्यांचं खोटं नव्हतं. टायर खरंच सडत होते. पण पिंजरे गेले असते तर मी परत बांधीत उतरले असते, मागं मागं सरकायला. शिवाय गावभर झालं असतं की हिच्या हातानं काही जगत नाही. मी म्हटलं, "दाखवीन. अन् नाही दाखवले तर मीच देईन भंगारवाल्याले." तोंडानं म्हणून गेले खरं.

घरात माझ्या बाजूनं एकच माणूस होतं, माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आत्याबाई म्हणजे गावची जुनी सुईण. दवाखाना लांब होता तेव्हा अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांनी केली. वस्तीतली केली, तशीच मोठ्या घरांतलीही केली. त्या म्हणाल्या, "थंडीनं मरून रायले ना? मंग शेक दे. बाईले देतो तसा."

आमच्याकडं बाळंतिणीच्या बाजेखाली गोरसी ठेवतात. गोरसी म्हणजे मातीची शेगडी. तिच्यात गोवऱ्या आणि धानाचं तूस धुमसत राहतं, बाळ-बाळंतीण शेकत राहतात. मला पटलं. माझ्या दोन लेकरांना असाच शेक मिळाला होता. डिसेंबरात दोन माद्या व्याल्या त्या संध्याकाळी आम्ही सासू-सुनेनं मिळून शेडाच्या चारी बाजूंना बारदानं बांधली, त्यावर प्लास्टिक ओढलं, वाऱ्याला बोटभर फट ठेवली नाही. पिंजऱ्यांखाली दोन गोरश्या ठेवल्या आणि समाधानानं जेवायला गेलो.

सकाळी पडदा सारला तर आत कशी छान ऊब! मला केवढं बरं वाटलं. मग एक मादी कुशीवर आडवी पडलेली दिसली, दुसरी तोंड उघडून धापा टाकत होती. मी पेटीत हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा पिल्लांना हात लावला तो त्या दिवशी. पिल्लं गरम होती. सगळी गरम, आणि सगळी मेलेली.

बाळंतिणीच्या खोलीला दार असतं, माणसं आत-बाहेर करतात, कौलांतून धूर जातो. आम्ही सशांची खोली लोणच्याच्या बरणीसारखी बंद केली होती आणि आत तूस धुमसत ठेवलं होतं. थंडीनं मेली असती तर थंडीला शिव्या घातल्या असत्या. ही आम्ही मारली. आत्याबाई दिवसभर जेवल्या नाहीत. "एवढी लेकरं माह्या हातून झाली व, एक नाही गेलं," असं म्हणत ओट्यावर बसून राहिल्या. ते काही पूर्ण खरं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांना टोकायला माझी जीभ उचलली नाही. आमचे हे चहा न घेताच दुकानावर निघून गेले. थांबले असते तर भांडता तरी आलं असतं.

मी बारदानं सोडली. फक्त उत्तरेचा वारा अडवेल एवढी एक बाजू झाकली, वरची फट मोकळी ठेवली.

गाभण माद्या आता दोनच उरल्या होत्या. एक भुरी, वयानं मोठी, शांत. दुसरी चिमी, पावसाळ्यात नवीन आणलेली, पहिलटकरीण, जरा बावचळलेली. दोघींना मी एकाच दिवशी नराकडं नेलं होतं. त्यात काही शहाणपण नव्हतं, पिंजऱ्याची कडी गंजली होती आणि दोनदा उघडायचा कंटाळा, एवढंच. संक्रांतीला तेरा दिवस उरले असताना दोघी एकाच सकाळी व्याल्या. पिल्लांचे डोळे उघडायला दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे हे शेवटचं.

भुरीनं पेटीत भरपूर केस घालून चार पिल्लं नीट झाकून ठेवली होती. चिमीनं मात्र एक केस उपटला नव्हता. पेटी सोडून बाहेर जाळीवरच व्याली होती. सात पिल्लं जाळीवर इकडं तिकडं पडलेली, निळी, ताठ, बादलीतल्या पाण्यासारखी गार. मी तिथंच खाली बसले. रडायलाही आलं नाही. मग उठले, कागदाच्या तुकड्यानं एकेक उचलून सुपात घेतलं. हातानं नाही. एवढं सगळं होऊनही तो कागद माझ्या डोक्यातून गेला नव्हता.

सूप घेऊन पेरूकडं निघाले तर आत्याबाईंनी हाक मारली, "अव, आधी चहा पे. मेलेले कुठी पळून जाऊन नाही रायले." म्हणून सूप चुलीजवळ ठेवलं आणि कप घेतला. दोन घोट झाले असतील. आत्याबाई सुपाकडं पाहत होत्या, एकदम पुढं सरकल्या.

"वनमाला! हे तोंड हालवून रायलं व!"

"भास होते तुमाले, आत्याबाई."

"भास होते म्हने! पन्नास वरसं हेच पाहिलं मी. हे जितं हाय!" आणि त्यांनी ते पिल्लू उचललं, दोन तळव्यांत धरलं आणि चोळायला लागल्या.

मी ओरडले, "हात नोको लावा! भुरी मंग घेनार नाही त्याले. वास लागते."

आत्याबाईंनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी कप खाली ठेवला.

"कायचा वास?" त्या म्हणाल्या. हात चालूच होते. "ह्या पाटलीनचा नवरा पायाकडून आला होता. पाय आधी बाहेर, डोस्कं आत. त्याची आजी छाती बडवून रायली होती. मी काढला त्याले. निळा पडला होता असाच. ह्याच हातानं चोळला, तवा रडला. मंग का केलं मालूम हाय? त्या लेकराले न्हाऊ घातलं, गोमूत्र शिंपडलं, माहा हात लागला होता ना! अन् मले आंगनात बसवून ओंजळीत वरून पानी ओतलं. मेला का तो पाटील माह्या हाताच्या वासानं? पन्नाशीचा झाला, ढेरी सुटून रायली त्याची!"

मी सुपाजवळ सरकले.

"सारी जिंदगी आयकलं मी, हात नोको लावू, हात नोको लावू. अन् आता तू मले घरात सांगून रायली? हाताच्या वासानं कोनी मरत नाही व. मरते थंडीनं अन् भुकेनं. धर, पोटाशी धर हे तीन."

मी तीन पिल्लं चोळीत घातली. छातीला बर्फ लावल्यासारखं झालं, दात वाजले माझे. चार आत्याबाईंनी लुगड्याच्या ओच्यात पोटाशी धरली. चुलीपुढं दोघी बसून राहिलो. आणि तिथं बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. मागच्या हिवाळ्यात मी सुपात भरून पुरली, ती सगळी खरंच मेलेली होती का? की नुसती गारठलेली होती? मी हात लावून पाहिलंच नव्हतं. हा विचार मी आजही पुरा करत नाही. अर्ध्यावर सोडून उठते आणि कामाला लागते.

अर्धा तास गेला असेल. माझ्या चोळीत काहीतरी वळवळलं. मी दचकून ओरडले, तशा आत्याबाई हसायला लागल्या. निळा रंग जाऊन गुलाबी यायला लागला होता. सातांपैकी पाच हलली. दोन गेलीच होती, ती गेली. पण पाच! मी भुरीची पेटी बाहेर काढली. तिच्या केसांवर माझे हात घासले, पिल्लांच्या अंगालाही ते केस लावले. खोटं कशाला बोलू, वासाची भीती माझी गेली नव्हती. मग तिच्या चारांत ही पाच मिसळली आणि वर गादी सारखी केली. चिमीच्या पोटाचे थोडे केस मीच हलक्या हातानं ओढून घेतले, विण्याच्या वेळी ते सैल झालेले असतात, तिला दुखत नाही. तेही वरून पसरले.

आता काहीच करायचं नव्हतं. भुरी त्यांना पाजते की टाकते, एवढंच पाहायचं. तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. तिच्या पिंजऱ्यापुढून मी इतक्यांदा गेले की शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "अव, तुह्यापुढं नाही पाजनार ते. तू पाजली होती का सासऱ्यापुढं?"

दुसऱ्या सकाळी हात स्वच्छ धुतले, चुलीवर शेकले आणि पेटीत घातले. नऊ पिल्लं. नऊच्या नऊ पोटं टम्म फुगलेली. पिल्लाच्या पोटाची कातडी इतकी पातळ असते की आतलं दूध पांढरं दिसतं. नऊ पोटांत दूध दिसत होतं. कोणतं भुरीचं आणि कोणतं चिमीचं, मला ओळखता येईना. भुरीलाही येत नव्हतं, किंवा येत असेल तरी तिनं फरक केला नाही. मी तिथूनच ओरडले, "आत्याबाई, पाजले व तिनं!"

तेव्हापासून रोज सकाळी मी पेटीत हात घालते. मोजते, मेलेलं काढते, ओलं तणस बदलते, गार लागलेलं चोळीत घालते. तणस आधी हातांनी चोळून मऊ करते. उन्हाळ्यात माद्या जास्तीचे केस उपटतात ते डब्यात भरून ठेवते, हिवाळ्यात पहिलटकरणींच्या कामी येतात. आणि दोन माद्या एकाच दिवशी नराकडं नेते, आता मुद्दाम. कडी कधीच नवीन बसवली.

भंगारवाल्याला आमच्या ह्यांनी संक्रांतीचाच दिवस दिला होता. बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस. भंगारवाला हातगाडी घेऊन दारात उभा, हे शेडात आले. मी पेटीतून एक पिल्लू काढलं. आदल्याच दिवशी त्याचे डोळे उघडले होते.

"हात पुढं करा."

"अव, मी नाही. हात लावला तर मरल ना ते!"

"लावा म्हनते ना."

त्यांनी तळहात पुढं केला. पिल्लू त्यावर बसलं, नाक हलवलं आणि त्यांच्याकडं पाहत राहिलं. दिवसभर ट्यूबला सोल्यूशन लावणाऱ्या माणसाचा हात आहे तो. त्याच्याएवढा घाण वास आमच्या तालुक्यात दुसरा नसेल. मी पिल्लू परत पेटीत ठेवलं आणि भुरीनं त्याला बाकीच्यांसारखंच पाजलं. साहेबांच्या कागदाला याहून दुसरं उत्तर काय द्यायचं? तो कागद मी चिमीच्या पुढच्या वेताला पेटीच्या तळाशी अंथरला.

ह्यांनी बाहेर जाऊन भंगारवाल्याला दोन फुटक्या बादल्या देऊन वाटेला लावलं. दुपारी दुकानातून जुनी ताडपत्री आणली आणि उत्तरेच्या बाजूला स्वतः बांधून दिली. टायर अजूनही बाहेर उन्हापावसात आहेत.

गोष्ट इथंच संपवली असती तरी चाललं असतं. पण आठेक दिवसांनी एका सकाळी पाटलीणबाई आमच्या दारात आली. या घराच्या उंबऱ्यापर्यंत ती कधी आली नव्हती. डोक्यावर पदर, हातात टोपली, टोपलीत कापसावर सहा गार पिल्लं. तिची मादी जाळीवर व्याली होती. गावात गोष्ट लपत नाही, तिनं ऐकलं होतं.

"वनमाला, हात लावून पाह्य ना व," ती म्हणाली.

मला सोडायचं नव्हतं. वर्षभर गिळून ठेवलेलं होतं ते. मी म्हटलं, "माह्या हाताचा वास लागल ना, पाटलीनबाई."

ती खाली टोपलीकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "लागू दे."

मला आणखी बोलायचं होतं. पण टोपलीतल्या एका पिल्लाचं तोंड हललं. आता त्याचा काय गुन्हा होता?

आत्याबाई चुलीजवळून म्हणाल्या, "उभी काऊन हायेस, बस. तुह्या नवऱ्याले बी पहिला हात माहाच लागला होता. चांगला जगला ना? तीन तू धर, तीन वनमाला धरल. पोटाशी धर, लाजू नोको." आणि चहाचा कप त्यांनी स्वतः तिच्या हातात दिला. हाताला हात लागेल असा दिला. पाटलीणबाईनं घेतला, आणि प्याली.

आम्ही दोघी चुलीपुढं तीन-तीन पिल्लं पोटाशी धरून बसलो. तिचे दात वाजत होते, माझेही. तासाभरानं ती टोपली घेऊन घरी गेली, तिच्या मादीच्या पेटीत ठेवायला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. चार जगली, दोन गेली. ती दोन कोणाच्या हातची होती, हे तिनं विचारलं नाही, आणि मीही नाही.